वाळूचा पक्षी

मित्रांनो, मी एक जुना, मुठीत मावणारा कॅमेरा आहे आणि मी रागावलेलो आहे. म्हातारपणी राग निवतो म्हणतात. माझा काही निवलेला नाही.

माझा जन्म कारखान्यातला, त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. पंधरा वर्षांपूर्वी रोझलिनने मला विकत घेतलं आणि आपल्या आईला, म्हणजे मर्ल पास्कोला, वाढदिवसाला दिलं. तेव्हा माझं काय कौतुक! केक कापायचा तर मी हवा, नातवाचा दात पडला तर मी हवा. पोर्ट हॅरिअटच्या त्या घरात माझ्यावाचून पान हलत नव्हतं. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि मी स्वयंपाकघरातल्या खणात, जुन्या चाव्या आणि मेणबत्त्यांच्या शेजारी जाऊन पडलो. गरज सरो, वैद्य मरो!

त्याआधी या मंडळींनी आणखी एक प्रताप केला होता. समुद्रावर जाताना मला ओल्या टॉवेलांच्या आणि बटाट्याच्या चिप्सच्या पिशवीत कोंबलं. माझं भिंग नळीसारखं पुढे येतं आणि बंद केलं की आत जातं. ते आत जाताना वाळू घेऊन गेलं. एक कण पोटात जो बसला तो बसलाच. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोत वरच्या डाव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका येतो. केकच्या आणि नातवंडांच्या गर्दीत तो खपून गेला.

मर्लचा नवरा क्लेम हा गिलाव्याचा कारागीर होता. गावच्या वाचनालयाची उत्तरेची भिंत त्याच्या हातची. दोन मजले उंच, खिडकी एकही नाही. "सपाट भिंत बघायला सोपी, करायला महाकठीण," असं तो म्हणायचा. तो गेला आणि वर्षभरात नगरपालिकेला शोध लागला की ती भिंत ओकीबोकी दिसते. तिच्यावर भला मोठा काकाकुवा रंगवायचा घाट घातला गेला. मर्लला ही बातमी वर्तमानपत्रात वाचावी लागली. ते मिटून ती उठली, खण उघडून तिने मला बाहेर काढलं आणि थेट भिंतीपाशी नेलं.

आमच्या दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणून दुपारी चारला ऊन त्या भिंतीला घासून जातं. राईएवढा उंचवटा असला तरी त्याची सावली पडते. क्लेमच्या भिंतीवर पडत नाही. मर्ल कोपर बरगडीला टेकवायची, श्वास रोखायची आणि चौकटीतून एकेक गोष्ट हाकलून द्यायची. दिव्याचा खांब नको, पाटी नको, झाडाची फांदी नको. त्यासाठी दोन पावलं पुढे, एक मागे. शेवटी तीनच गोष्टी उरायच्या: पांढरी भिंत, छपराची तिरकी सावली आणि निळं आकाश. इतकी वर्षं केक टिपले, पण इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

येणारे-जाणारे टोमणे मारायचेच.

"काय गं मर्ल, भिंत पळून चाललीय का?" मासेवाला विचारायचा.

"भिंत नाही, तुझी अक्कल पळालीय. दिसली तर तिचाही फोटो काढीन!"

गावच्या कॅमेरा क्लबात दर महिन्याला शहरातून परीक्षक येतात. फोटो पडद्यावर दाखवतात, नाव सांगत नाहीत. ज्याचा फोटो असेल त्याने तोंड मिटून बसायचं, असा नियम. त्या महिन्यात पहिला येणारा फोटो नगरपालिकेच्या सभागृहात लागणार होता, काकाकुव्यावर मतदान व्हायच्या आधी. मर्लने आमची भिंत पाठवली. माझ्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर तिला ठिपका दिसलाच नव्हता. क्लबच्या पडद्यावर तो लिंबाएवढा झाला.

"वा!" परीक्षक म्हणाले. "भिंत तशी ओकीबोकीच आहे. पण तो एकटा पक्षी बघा! त्याने सगळा फोटो तारलाय. पहिला क्रमांक!"

पक्षी! मित्रांनो, माझ्या पोटातल्या दुखण्याला बक्षीस, आणि क्लेमच्या भिंतीला शिवी!

"आई, जिंकलीस! आता गप्प बस," रोझलिन कुजबुजली.

"गप्प बसू? उद्या म्हणतील, बघा, पक्षी आला म्हणून भिंतीला शोभा आली." आणि मर्ल उभी राहिली. "अहो, तो पक्षी नाही. कॅमेऱ्यात गेलेली वाळू आहे ती."

हॉलभर हशा पिकला. परीक्षकांचा चेहरा लाल झाला. "मग बाई, या फोटोत आहे तरी काय?"

"भिंत आहे. माझा नवरा सतरा दिवस परांचीवर उभा होता तिच्यासाठी. गिलाव्याला कुठे लाट आलेली दिसतेय का, सांगा."

परीक्षकांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. दिसली नाही त्यांना लाट. तरीही मर्लने तोंड उघडून नियम मोडला म्हणून पहिला क्रमांक मावळतीच्या उन्हातल्या एका पेलिकन पक्ष्याच्या फोटोला गेला.

मतदान झालं आणि काकाकुवा भिंतीवर आला. त्याचा एकेक डोळा मोटारीएवढा आहे. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोनवर फोटो काढतात, आणि जाताना भिंतीला पाय टेकवून बुटाची नाडी बांधतात. माझा संताप संताप होतो.

मर्ल आठवडाभर तिकडे फिरकली नाही. मग एका दुपारी मला मऊ फडक्यात गुंडाळून निघाली. दुरुस्तीवाल्याने नवा घ्या म्हणून सांगितलं होतं. "नवा कशाला? याचा ठिपका कुठे येतो ते मला ठाऊक आहे," असं ती त्याला म्हणाली होती. भिंतीच्या अगदी टोकाला पावसाच्या पाण्याचा काळा नळ आहे. नळ आणि कोपरा यांच्यामध्ये रंगाऱ्यांचा ब्रश पोचला नव्हता. तिथे वीतभर पांढरी पट्टी उरली आहे. मर्लने मला उलटं धरलं, म्हणजे डावीकडचा ठिपका उजवीकडे जाऊन नळाच्या काळ्या रंगात जिरतो. माझ्या या वयात मला उलटं टांगतात, पण ते मी चालवून घेतो.

मित्रांनो, वाळूत जाताना आम्हा कॅमेऱ्यांना घरी ठेवा, एवढं तरी करा. आणि रिकामी जागा दिसली की तुमचे हात शिवशिवतात ना, ते जरा आवरा. ती तशी सपाट करण्यात कुणाची कंबर गेली, ते आधी विचारा.

आता रोज चारला मर्ल त्या वीतभर पट्टीवरून आधी तळवा फिरवते. मग श्वास रोखून मला उचलते.