फोटोआडची चिठ्ठी

वॉशिंग मशीनने शेवटचं पीं-पीं-पीं केलं आणि मी श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. भिंगरीने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला. वाचले! तिच्या झोपेतली अजून चाळीस मिनिटं तरी माझी होती.

काम होतं एका गाद्या-उशांच्या कारखान्याची जुनी वेबसाइट नव्या जागी हलवायचं. लेक व्हायच्या आधी मी तिथेच नोकरीला होते; जुनी साइट माझ्याच हातची. मालकांनी, म्हणजे साहेबांनी, शब्द दिला होता: हे नीट पार पाडलंस तर साइट कायमची तुझ्याकडे, घरी बसून सांभाळ. भिंगरीला कुठे ठेवायचं, हा जिवाचा घोर मिटणार होता.

पानं दोनशेच्या वर. हाताने कोण करत बसणार? मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. ती सर्व्हरवर बसून एकेक जुनं पान उघडायची, फोटोचा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली त्याची खूण, हुडकायची आणि त्या टॅगला चिकटलेल्या चिठ्ठ्या वाचायची. एका चिठ्ठीत फोटोचा पत्ता, ‘टायटल’ नावाच्या दुसरीत माणसाचं नाव, ‘ऑल्ट’ नावाच्या तिसरीत फोटो दिसलाच नाही तर वाचायचं वर्णन. टायटल उचलायचं, नव्या पानावर फोटोखाली छापायचं. टायटल सापडलं नाही तर ऑल्ट घे, अशी एक ओळ मी फार हुशारीने घातली. स्क्रिप्ट धावली, साहेबांना लिंक गेली: ‘बघून घ्या.’

मग जरा कौतुकाने ‘आमची माणसं’ हे पान उघडलं.

गोदामप्रमुखांच्या फोटोखाली ठळक अक्षरांत: ‘उशी तपासता तपासता झोपलेत. उशी उत्तम.’

शिवणविभागाच्या ताई: ‘यांच्या तोंडात टाचण्या आहेत तोवर इतरांनी बोलून घ्यावं.’

आणि खुद्द साहेब: ‘हसतायत. फोटोवाल्याला चार वेळा विनवावं लागलं.’

या पानावर टायटल भरायचा मी तेव्हा आळस केला होता. ऑल्ट मात्र मन लावून भरलं होतं. फोटोच्या आड कोण बघायला येतंय, म्हणून! पेरलं तेव्हाच्या त्या टवाळ, बिनलेकराच्या मुलीने, आणि कापणी आताच्या माझ्या वाट्याला.

स्क्रिप्टमधली ती हुशार ओळ खोडायला घेतली, तोच फोन वाजला. साहेब. भिंगरी उठून डोळे चोळत थेट मांडीवर. दोन्ही हात अडकले म्हणून फोन स्पीकरवर टाकला.

“अगं, हे काय छापलंयस?”

“चुकलं, साहेब. फोटोंच्या आत दडलेली जुनी वर्णनं आहेत ती. दोन मिनिटांत काढते.”

“खालचं काढ. पण आत जे होतं ना, त्याला हात लावलास तर बघ!”

“म्हणजे?”

“माझ्या आईला दिसत नाही. तिचा फोन तिला पानं वाचून दाखवतो, फोटोंच्या आतलंसुद्धा. किती वर्षं बघतोय, कारखान्याचं पान लावते आणि एकटीच खिदळते. विचारलं तर म्हणते, ‘तुझी माणसं गोड आहेत रे.’ आज कळलं मला!”

मागून एक किनरा आवाज आला, “काढू नकोस गं पोरी! आणि तो गोदामवाला अजून झोपतो का, ते सांग.”

“आई, थांब जरा.” साहेब परत माझ्याकडे वळले. “हे बघ, साइट तुझ्याकडे. पण एक अट. माझं तेवढं बदल. आईने ऐकावं असं काहीतरी लिही. आत्ता. मी थांबतो.”

मी साहेबांचा फोटो मोठा केला. टायटलमध्ये नाव टाकून झालं. ऑल्टमध्ये ‘साहेब’ लिहिलं, खोडलं. ‘प्रेमळ’ लिहिलं, तेही खोडलं. जन्म देणारीला काय फसवायचं? कर्सर आपला उघडझाप करतोय.

“आई, काय लिहितेस?” भिंगरीने स्क्रीनला नाक लावलं.

“हे कसे दिसतात ते. त्यांच्या आईला सांगायचंय.”

तिने फोटो वरून खाली नीट न्याहाळला. फोन अजून स्पीकरवरच होता.

“मग खरं लिहिणार, की चांगलं?”