टपोऱ्या मसुराचा मोड

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. अंकुरमहाराजांच्या ओंजळीतल्या कोळशासारख्या काळ्या मसुराला मोड आला होता. टेकडीवरच्या उत्खननात सापडलेली तीन हजार वर्षांपूर्वीची बी आपण फुंकरीने जागी केली, असं महाराज सांगत होते. तिथे तुमच्या रक्तातल्या साखरेची काय बिशाद! हे दाणे गिळा आणि औषधं फेकून द्या.

मागे ती उभी होती, जिला सगळे मोजपट्टी म्हणत. उत्खननातले जळके दाणे भिंगाखाली मोजून कडधान्य ओळखायचं, हे तिचं काम. टोपणनावही त्यावरूनच पडलेलं. धाकट्या भावाने इन्शुलिन सोडून हे दाणे धरले, तेव्हापासून ती समजावून, भांडून, रडून थकली होती. आता पुढच्या रांगेत तो कोमेजून बसलेला दिसत होता, आणि तिला काहीच वाटत नव्हतं.

दाणे वाटप सुरू झालं. तिने आपला वाटा घेतला, पर्समधून जाडी मोजायचा कॅलिपर काढला आणि तिथेच मोजायला लागली. मग कचेरीतल्या कोरड्या आवाजात तिने लोकांना सांगितलं, की त्या काळचा मसूर जेमतेम तीन मिलिमीटरचा. आगीत तो थोडासाच फुगतो, तडकतो, वेडावाकडा होतो. हे सगळे चपटे, एकसारखे, साडेपाचचे. म्हणजे आजच्या दुकानातले. चमत्कार मागच्या रांगेलाही दिसावा म्हणून महाराजांनी टपोरे दाणे निवडले होते आणि तिथेच पितळ उघडं पडलं. तिने एक दाणा ओल्या रुमालाने पुसला. काजळी निघाली, खाली तपकिरी साल.

"खरंच जळून कोळसा झालेल्या बीला मोड येत नाही," ती म्हणाली.

"माई, श्रद्धेला मोजमाप लावू नये," महाराज हसले.

"नका लावू. मग औषध म्हणून गिळायलाही देऊ नका."

काही लोक उठले, काही तिच्यावरच चिडले. भाऊ खाली मान घालून म्हणाला, "पण ताई, मला बरं वाटत होतं गं."

"साखर तपासलीस?"

त्याने नकारार्थी मान हलवली. महाराजांनी मनाई केली होती.

"माझं ऐकू नकोस, त्यांचंही नको. मोजून बघ."

तिने पर्समधून साखर मोजायचं यंत्र काढलं, त्याने बोट पुढे केलं. यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर यंत्राच्या मर्यादेपलीकडे गेली होती. रिक्षात बसवून ती त्याला इस्पितळात घेऊन गेली. सलाईन लागलं, इन्शुलिन सुरू झालं, डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. तेव्हाही तिला रडू आलं नाही.

मंडळी, बरं वाटतंय म्हणजे बरं झालंय असं नाही. आधी मोजून बघा.