विमान अडवणारी पाचर

कोणाच्या कामात कोणी अडथळा आणला की लोक कपाळाला आठ्या घालून म्हणतात, ‘याने मध्येच पाचर मारली!’ मित्रांनो, मी त्याच कुळातली एक जुनी लाकडी पाचर आहे आणि मला माझ्या कुळाचा यत्किंचितही संकोच वाटत नाही. मी हातगाड्या अडवल्या नाहीत. मी लढाऊ विमाने अडवली आहेत.

विमानतळावरच्या सुताराने मला कठीण लाकडातून घडवले, पिवळा रंग दिला आणि एका टोकाला दोर बांधला. इंजिन कितीही गरजले तरी मला चाकापुढून काढल्याशिवाय विमान तसूभरही हलत नसे. वैमानिकाने दोन्ही हात हलवून खूण करावी आणि मगच विमानाची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीने माझा दोर ओढावा, अशी तिथली शिस्त होती.

युद्ध सुरू झाले आणि आमच्या विमानावर एक नवा वैमानिक रुजू झाला. मिसरूड नुकतेच फुटलेले. म्हणून सगळे त्याला ‘धाकटा’ म्हणत. मिस्त्री त्याच्या वडिलांच्या वयाचा होता.

“मिस्त्री, तुमच्या पाचरीला सांगा, मला उशीर होतोय.”

“ती माझं ऐकते होय, साहेब? घरी बायको, इथे ही!”

धाकटा हसे, हात हलवी आणि मी बाजूला होई. तो परत येईपर्यंत मिस्त्री माझा दोर मनगटाला गुंडाळून आकाशाकडे पाहत बसे. विमान दिसले की ‘आला एकदाचा!’ असे पुटपुटत तो मला उचलून धावे.

एके दिवशी ढग फार खाली उतरले होते. धाकटा दोन फेऱ्या करून आला होता. डोळे तांबारले होते. तोच निरोप आला, की पथकातली दोन विमाने शत्रूच्या वेढ्यात सापडली आहेत. तो पुन्हा विमानात चढला. त्याने हात हलवले. मिस्त्रीने दोर ओढला नाही. तो पंखावर चढून ओरडला,

“साहेब, दुसरं कोणी जाईल. डोळे बघा तुमचे!”

“दुसरं आहे कोण? ओढा, मिस्त्री. ती दोघं वाट बघतायत.”

मिस्त्री खाली उतरला आणि त्याने दोर ओढला.

ती दोन्ही विमाने परतली. धाकटा परतला नाही. त्यानंतर मिस्त्रीने माझ्या दोराला हात लावला नाही. “मी ओढली नसती, तर पोरगा आज असता,” एवढेच तो बोले.

मुलाचे सामान न्यायला त्याची आई आली. ताठ कण्याची बाई. त्याचे विमान जिथे उभे राही, ती जागा तिने पाहिली. मिस्त्री भिंतीआड लपला. माझे काम काय, हे अधिकाऱ्याने तिला समजावून सांगितले.

“ही मी नेणार,” ती म्हणाली.

“बाई, सरकारी वस्तू आहे.”

“मुलगा दिला, तेव्हा मी पावती मागितली नव्हती.”

अधिकाऱ्याने मला स्वतः उचलून तिच्या गाडीत ठेवले.

तिच्या घरी माझी नेमणूक पुढच्या दाराशी झाली. वाऱ्याने ते आपटत असे. मी त्याला उघडे धरून ठेवू लागले. माझा रंग उडाला, दोर कुजला, शेजारची पोरे येता-जाता मला लाथाडू लागली. युद्ध संपल्यावर एका दुपारी मिस्त्री आला आणि उंबरठ्याबाहेर मान खाली घालून उभा राहिला.

“त्या दिवशी पाचर मीच ओढली, बाई.”

“ओढायला कोणी सांगितलं?”

“साहेबांनी. पण मी नसती ओढली तर...”

“चालायला लागल्यापासून तो मला कधी अडवता आला नाही. तुम्हाला अडवता आला असता?” मग तिचा आवाज खाली आला. “ती दोन पोरं आपापल्या घरी पोचली ना?”

“पोचली.”

“मग आत या. दार काय शोभेला उघडं ठेवलंय?”

मिस्त्रीने चपला काढल्या; पण पाऊल काही उचलेना. शेवटी तिनेच त्याचे मनगट धरले आणि त्याला आत नेले.

मित्रांनो, मला नवा रंग द्या, असे मी म्हणत नाही. लाथा मात्र आवरा. वयाचा मान ठेवावा. आणि असा एखादा माणूस तुमच्या उंबरठ्यापाशी येऊन घुटमळला, तर त्याला आत बोलवा. दार धरायला मी आहे.