भिकावरचा आळ

लग्नसराईतली सकाळ. कॉलेज रोडवरच्या आपल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात उज्ज्वलाताई शेरवान्यांना चिठ्ठ्या लावत होत्या. मागच्या खोलीतून भिका पैठणी घेऊन आला, धडपडला आणि काउंटर धरून उभा राहिला. डोळे तांबारलेले, बोलणं जड.

"सकाळी सकाळीच घेऊन आलास?" गिऱ्हाइकांसमोरच त्यांनी विचारलं.

"नाय ताई. मी कधी शिवलो बी नाय. डोकं गरगरतंय."

"सुरगाण्याचा ना तू? मोहाची दारू सुटते का कुणाला?"

गिऱ्हाइकं हसली. ताईंनी त्याला गावी धाडलं, वर त्याच्या बायकोला, झुंबरबाईला, फोन करून "नवऱ्याला आवर" म्हणून सुनावलंही. स्वतःच्या मते त्यांनी समाजसेवाच केली होती.

मागची खोली आता त्यांच्याच गळ्यात पडली. ड्रायक्लीनिंगमध्ये कपडे कोरडे राहत नाहीत. पाण्याऐवजी रसायनात घुसळले जातात. मळलेलं रसायन उकळून, वाफ थंड करून पुन्हा वापरतात, आणि तळाचा काळा गाळ हाताने खरवडावा लागतो. शेजाऱ्यांनी वासाची कुरकुर केली तेव्हा एक्झॉस्ट फॅन बंद करून खिडकी ठोकून घेतली होती, तीही ताईंनीच.

चौथ्या दिवशी गाळ काढताना रसायनाचा गोडसर वास त्यांच्या घशात बसला. बाहेर येताना पाय वाकडे पडले, पाणी मागताना जीभ अडखळली. त्यांना मात्र कुणी विचारलं नाही, किती घेतलीत म्हणून. खुर्ची आली, डॉक्टर आले.

"ही वाफ नशेसारखीच चढते," डॉक्टर म्हणाले. "रोज श्वासातून आत गेली तर लिव्हरही बिघडतं. आत काम कोण करतं?"

ताईंनी भिकाचं नाव सांगितलं आणि ठोकलेली खिडकी उघडायला लावली.

दुसऱ्या दिवशी जीपने त्या भिकाच्या अंगणात पोचल्या. "चूक माझी, भिका. खिडकी उघडलीय, फॅन सुरू केलाय. आधी तुझी तपासणी करू. मग येशील ना?"

"कामाचं मागून बघू," भिका दारातल्या झुंबरबाईकडे बघत म्हणाला. "गावच्या चौघा जाणत्यांनी देवापुढं मला दारू सोडायला लावली, ताई. कधी घेतलीच नाय, ती सोडली मी. ही चार दिवस माझ्याशी बोलत नाय. आधी हिला सांगा."

ताईंनी सगळं सांगितलं.

"हा रडून सांगत हुता," झुंबरबाई म्हणाली. "पर तुमी शिकलेलं माणूस. मंग याचं कोण ऐकणार?"

ताईंचे डोळे भरून आले. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी हसलेली गिऱ्हाइकं त्यांच्या ओळखीचीच होती. एकेकाच्या दारात जाऊन हे सांगेन, असं त्या म्हणाल्या. पण त्याआधी, "त्या चौघांना बोलाव," त्यांनी झुंबरबाईला सांगितलं.