दौलत आजोबांची प्लास्टिकची सून

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी नातेवाईक झालो. त्याआधी मी नुसता स्टूल होतो. लाल, चार पायांचा, मधे भोक असलेला. हो, मी तोच बोलतोय.

माझा जन्म डोंबिवलीच्या मानपाड्याकडे एका कारखान्यात झाला. फुटक्या बादल्या, मग, टमरेलं वितळवून मला केलं. त्यामुळे घराणं विचारू नका. अजूनही नळाचा आवाज आला की मला माहेरची आठवण येते.

हातगाडीवरून मला अक्षदाने घेतलं. घेतलं म्हणजे सहज नाही. भर रस्त्यात नवऱ्याला म्हणाली, "अहो, आधी तुम्ही बसून बघा. तुम्हाला पेललं तर आपल्या सान्वीला पेलेल." साईनाथ बिचारा सगळ्या बाजारासमोर माझ्यावर बसला, उठला, परत बसला. मग मी कोपरला त्यांच्या खोलीत आलो.

अक्षदा म्हणजे काळजीचं दुकान. मला खिडकीजवळ ठेवायची नाही, सान्वी चढेल. गॅसजवळ नाही, वितळेन. दाराजवळ नाही, अडखळेल. शेवटी मी बहुतेक वेळ खाटेखालीच असायचो. बसायला आणलेल्या वस्तूला लपून राहावं लागतं, हे माणसांच्या घरातच होतं.

सान्वीच्या बालवाडीच्या वाटेवर, पुलाजवळ, एका बंद दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे बसायचे. सान्वी त्यांना आजोबा म्हणायची आणि आपल्या खाऊतलं अर्धं द्यायची. त्यांचा एक पाय कायम गोणपाटात गुंडाळलेला. एक दिवस घरी येऊन पोर म्हणाली, "आई, आजोबांच्या पायाला वास येतो."

झालं. त्या दिवशी अक्षदाला घास गिळेना.

"धनुर्वात झाला असेल का हो? किडे पडले असतील का?"

"अगं, तुला शेजारच्या मांजरीला शिंक आली तरी झोप लागत नाही," साईनाथ म्हणाला. "जेव आधी."

पुलाखाली दर गुरुवारी सकाळी डॉक्टर अंतरा यायच्या. पाठीवर औषधांची पिशवी, रस्त्यावर राहणाऱ्यांना तपासायच्या, पैसे घ्यायच्या नाहीत. म्हाताऱ्यांना जमिनीवर बसता येत नव्हतं, म्हणून अक्षदाने मला खाटेखालून ओढून काढलं आणि तिकडे नेलं. पहिल्यांदा मला कोणीतरी कामासाठी घराबाहेर काढलेलं. मी फुगलो.

डॉक्टरांनी गोणपाट सोडलं. नाकाला रुमाल लावला नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

"काका, साखर कधी तपासलेली?"

"साखर? चहात असते तेवढीच आपली ओळख."

"आज दवाखान्यात दाखल व्हायला पाहिजे. नाहीतर पाय जाईल."

"मागे गेलेलो मी. म्हणाले, नातेवाईक घेऊन ये. मी म्हटलं, कुठल्या दुकानात मिळतो?"

सगळे हसले. अक्षदा हसली नाही. पाय जाईल, एवढंच तिला ऐकू आलं होतं.

मग एका रिक्षात आम्ही सगळे. आजोबा, डॉक्टर, अक्षदा, तिच्या मांडीवर सान्वी, आणि सान्वीच्या मांडीवर मी. दवाखान्याच्या रांगेत आजोबा उभे राहू शकणार नव्हते ना.

खिडकीतल्या बाबूंनी मान वर न करता विचारलं, "नातेवाईक कोण?"

"मी डॉक्टर आहे. मी आणलंय यांना."

"डॉक्टर आमच्याकडे पण आहेत, मॅडम. नातेवाईक कोण? पेशंटजवळ बसायला माणूस पाहिजे, नाहीतर दाखल करता येत नाही."

डॉक्टर अंतरा भांडायला लागल्या. ज्याला घरच नाही त्याने घरचा माणूस कुठून आणायचा, दाखवा कुठे लिहिलंय ते, असं सगळं. मागची रांग ओरडायला लागली. आणि इकडे आजोबा हळूच माझ्यावरून उठायला लागले. त्यांना परत जायची सवय होती.

"मी आहे," अक्षदा एकदम म्हणाली. "मी सून."

सान्वी लगेच "आजोबा!" म्हणाली. साक्षीदार पण झाला.

बाबूंनी पेन उचललं. "सासऱ्याचं पूर्ण नाव?"

आता आली का पंचाईत? तिला नाव कुठे माहीत होतं! अक्षदाचा चेहरा माझ्यापेक्षा लाल झाला. तिने ओढणी डोक्यावर घेतली, मान खाली घातली आणि म्हणाली, "अहो, सासऱ्यांचं नाव सून कशी घेईल?"

बाबूंनी पेन खाली ठेवलं. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा! याला म्हणतात वळण! नाहीतर आमच्या घरी. कुत्र्याला लाडाने हाक मारतात आणि मला नावाने!" मग आजोबांना त्यांनी आदराने विचारलं, "तुम्हीच सांगा हो, तुमचं नाव."

"दौलत गणू."

अशा रीतीने सुनेला सासऱ्याचं नाव कळलं.

साईनाथला संध्याकाळी कळलं. "मला न विचारता माझा बाप बदललास?"

"बदलला नाही हो. एक वाढवला."

तो उठला. मग कपाटातून आपला जुना शर्ट काढून म्हणाला, "बापाला हा होईल का बघ."

वॉर्डात नातेवाइकांना बसायला खुर्ची नव्हती, म्हणून मी खाटेशेजारी राहिलो. खरा घोळ शुक्रवारी झाला. सान्वीला बालवाडीतून आणायची वेळ झाली. पेशंटजवळ माणूस नाही दिसला तर आजोबांना घालवतील, या भीतीने अक्षदा उठेना. आणि सान्वी दारात एकटी रडत असेल, या भीतीने तिला बसवेना. शेवटी आपण जागा धरायला रुमाल टाकतो ना, तशी तिने आपली ओढणी माझ्यावर टाकली. त्यावर डब्याची पिशवी ठेवली. "येते हां," म्हणाली. मला की आजोबांना, देव जाणे.

अकरा वाजून दहा मिनिटं. चित्रा सिस्टर आल्या. "नातेवाईक कुठे?"

"हे काय," आजोबा म्हणाले. "ओढणी इथे आहे, डबा इथे आहे. माणूस जाईल कुठे?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमेल तेवढं सुनेसारखं तोंड केलं. त्या "बरं" म्हणून गेल्या.

मग रोजच माझी ड्युटी लागली. शेजारच्या पेशंटला बघायला शहाडहून एक मेहुणे आले, चांगले भरलेले, आणि ओढणीसकट माझ्यावर बसले. माझा एक पाय तडकला. चित्रा सिस्टर ओरडल्या, "अहो, नातेवाइकाच्या अंगावर काय बसताय!" मग त्यांनी माझ्या पायाला चिकटपट्टीचे वेढे घातले. आजोबांचा पाय पट्टीत, माझाही पट्टीत. त्यांची दोन बोटं काढावी लागली. पाऊल राहील की जाईल, ते अजून कोणी सांगत नव्हतं. ड्रेसिंग रोज झालं, तरच राहील म्हणे.

आणि तेव्हाच मोठे डॉक्टर राउंडला आले. अक्षदा नेमकी बालवाडीत. डॉक्टर अंतरा आजोबांना बघायला आलेल्या.

"याचा नातेवाईक कोण?"

सगळा वॉर्ड आपापल्या चादरीत शिरला.

"हे आहेत, सर," चित्रा सिस्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. चेहऱ्यावर हसू नाही.

सरांनी मला निरखून पाहिलं. "यांना काय झालंय?"

"पाय मोडलाय, सर. पण ड्युटी सोडली नाही."

"दौलत, तुम्ही सांगा. सून खरी आहे का?"

माझे तीनही धड पाय लटपटले. आजोबा खोटं बोलले असते तरी मी त्यांना दोष दिला नसता.

"सून खोटी आहे, साहेब," ते म्हणाले. "डबा खरा आहे."

सर डब्याच्या पिशवीकडे बघत राहिले. डॉक्टर अंतरा पुढे झाल्या. "सर, प्लास्टिकचा नातेवाईक तुम्हाला इतके दिवस चालला. मग नातेवाईक नसलेला माणूस का चालत नाही?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सिस्टर, पायाची जखम सुकेपर्यंत यांना कोणी हलवायचं नाही. आणि खिडकीवर सांगा, सोबत कोणी नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही." जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना पण डिस्चार्ज देऊ नका इतक्यात."

अक्षदा धापा टाकत आली, ऐकलं, आणि माझ्यावर बसून रडली. माझा तडकलेला पाय करकरला, पण मी हूं की चूं केलं नाही.

पाऊल राहिलं. दौलत आजोबा आता बेघरांच्या निवाऱ्यात झोपतात, काठी घेऊन चालतात. साईनाथ त्यांना "बाबा" म्हणतो. आधी चिडवायला म्हणायचा, आता सवय झाली. मी काही खाटेखाली परत गेलो नाही. दर गुरुवारी पुलाखाली असतो. चिकटपट्टी तशीच आहे. अक्षदाला काळजी आहे की मी मोडेन, म्हणून ती जाड माणसांकडे फार वाईट नजरेने बघते.

तुमच्या वाटेवर कोणी पाय गोणपाटात लपवून बसलं असेल. तुम्ही सांगायला लाजत असाल तर पोराला सांगायला लावा. गुरुवारी सकाळी, कोपरच्या पुलाखाली, लाल स्टूल. नातेवाईक नसला तरी ये म्हणावं, मी आहे. एवढं पुढे सांगाल ना?