दोन मिनिटांची लाईन

माझं काम ऐकून लोकांना वाटतं, मी दिवसभर फोनवर गप्पा मारते. कसल्या गप्पा! फोन लावतं ते मागच्या सीटवरचं यंत्र. गाडी गल्लीबोळांतून हळूहळू फिरते, यंत्र कंपनीच्या एका नंबरवर कॉल लावतं, दोन मिनिटं लाईन धरतं, तोडतं, परत लावतं. तिकडे दुसरं यंत्र पहिल्या रिंगला उचलतं. कोणी कोणाशी चकार शब्द बोलत नाही. रेंज कुठे पडते ते तेवढं स्क्रीनवर उमटतं आणि त्यावरून नवा टॉवर कुठे उभारायचा ते ठरतं.

"मॅडम, तुमच्यापेक्षा यंत्र बरं," ड्रायव्हर आज म्हणाला. "निदान फोन तरी लावतं."

टोमणा बरोबर लागला. आई गेल्यापासून बाबा घरी एकटे, मी सर्वेक्षणासाठी गावोगावच्या लॉजवर. रोज फोन करीन असं कबूल केलं होतं. रोजचं आठवड्यावर गेलं, आठवड्याचं 'बघू'वर. बाबा आपणहून कधी करत नाहीत. "तू कामात असशील," म्हणतात.

परवा सुट्टीला घरी गेले, तर तिथेही यंत्रच मांडून बसले. नवं सेटिंग तपासायला घरच्याच लँडलाईनवर कॉल लावत होते. बाबा दर वेळी हौसेने उचलायचे.

"मी उचलला की तुझं काम झालं ना?"

"झालं," मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले.

आज सुट्टीनंतरचा पहिला दिवस. संध्याकाळी खोलीवर येऊन बूट काढते तोच ऑफिसातून सरांचा फोन.

"अगं, कॉल सगळे लागलेत. पण पलीकडचं यंत्र उचलायला इतका वेळ का लावतंय? सकाळी तर रिंग वाजतच राहिलीय. दुपारनंतर मात्र झटकन उचलायला लागलं. बिघडलं होतं का?"

मी सेटिंग उघडलं. नंबर बदलायचा राहून गेला होता. दिवसभर यंत्र बाबांना फोन लावत होतं.

सकाळी वेळ का लागला, ते सरांना कसं सांगणार? स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत यायचं, गुडघे धरत. दुपारी त्यांनी खुर्ची फोनपाशी ओढली असणार. जेवणाच्या वेळचासुद्धा एक कॉल चुकला नव्हता.

"माझी चूक, सर. उद्या सगळं परत फिरते," म्हणून मी फोन ठेवला. मला रडू आलं आणि बाबांचा रागही आला. इतक्यांदा कोणी न बोलता फोन तोडतंय, तर माणसाने वैतागायला नको? एखादी शिवी तरी हासडावी!

मी माझ्या फोनवरून घरचा नंबर लावला. यंत्र बंद करून बराच वेळ झाला होता, तरी रिंग पुरती वाजलीही नाही.

"हां, आहे मी," बाबा म्हणाले. घसा पार बसला होता. "तर काय सांगत होतो, नळवाला आज पण आला नाही. बादली ठेवलीय खाली. आणि तुझ्या आईच्या कपाटाची किल्ली सापडली बरं का, साखरेच्या डब्यामागे. उघडलं नाही मी. तू आलीस की उघडू. नको, तू बोलू नकोस, तुझं काम बिघडेल. मी आहे बसलेला."

ते बोलत राहिले, मी ऐकत राहिले. दोन मिनिटं भरत आली.

"चल, आता कटेल," बाबा म्हणाले. "परत लाव हं."

मी "बाबा" म्हणेपर्यंत त्यांनी सवयीने रिसीव्हर खाली ठेवला होता.