मधल्या जागेतला दगड

आमच्या गल्लीत दोन प्रार्थनाघरं आहेत, एक चढावर आणि एक उतारावर. म्हणून एकाची माणसं ‘वरची’ आणि दुसऱ्याची ‘खालची’. यात मानपानाचा काही संबंध नाही, निव्वळ चढ-उताराचा आहे. दोन्हींच्या मधे एक मोकळी जागा. मोकळी आपली म्हणायला. वीस वर्षं गल्लीनं तिथं कचरा टाकला. वरच्यांना वाटायचं तो खालच्यांचा, खालच्यांना वाटायचं वरच्यांचा, आणि आम्ही कुठल्याच घरात न जाणारे लोक दोघांच्या नावावर आपापल्या पिशव्या खुशाल फेकून यायचो.

कर्ण्याच्या आवाजावरून दोन्ही घरांत नऊ वर्षं अबोला होता. मग एका वर्षी डासांनी अख्खी गल्ली आजारी पाडली. वरच्यांचे प्रमुख म्हणजे निवृत्त मास्तर, जन्मभर भूमिती शिकवलेले. खालच्यांचे प्रमुख बेकरीवाले काका. दोघं तापानं फणफणत एकाच दवाखान्यात एकाच बाकावर बसले आणि तिथंच ठरलं, की दर शनिवारी सकाळी वरच्यांनी, खालच्यांनी आणि आम्ही मिळून ती जागा साफ करायची. सांडपाण्याला पाइप टाकायचा, वर माती भरायची, झाडं लावायची.

नियम एकच. ढिगाऱ्यात दुसऱ्याच्या श्रद्धेचं काही सापडलं तर हात लावायचा नाही. फाटकं पान असो की तुटकी तसबीर, ज्याची त्यानं उचलायची. आणि खरंच, नऊ वर्षं न बोललेली माणसं एकमेकांच्या चिटोऱ्यांपुढं अदबीनं थांबू लागली. इतकी अदब मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

तिसऱ्या शनिवारी ढिगाऱ्याखालून तो दगड निघाला. हातभर उंच, निम्म्या पलंगाएवढा, काळा, वरून गुळगुळीत. त्यावर आडव्या रेघा कोरलेल्या आणि एका कोपऱ्यात वाटीएवढा खळगा.

मास्तरांनी चष्मा पुसून रेघा पाहिल्या आणि आपल्या माणसांना हळूच म्हणाले, “मागं सरा. त्यांचं काहीतरी लिहिलेलं दिसतंय.”

पलीकडून बेकरीवाल्या काकांनी खळगा पाहिला आणि आपल्या माणसांना खुणावलं, “दिव्याची जागा असणार त्यांची. लांबून, लांबून.”

मी भरलेलं घमेलं घेऊन मधे उभी होते. मला दोन्हीकडचं ऐकू आलं आणि हसू आवरेना. तो दगड माझ्या सासऱ्यांचा होता. मामंजींचा कपडे धुण्याचा धंदा होता, त्या जागेच्या कडेलाच त्यांची पत्र्याची बंद शेड, त्यामुळं आतला दगड गल्लीनं कधी पाहिलाच नव्हता. रेघा कपडा घसरू नये म्हणून, खळगा साबणासाठी. लग्न होऊन आल्यावर दोन वर्षं मी त्याच दगडावर हॉस्पिटलच्या चादरी आपटल्या. पुढं मामंजी गेले, शेड पडली, मी शिवणाचं मशीन घेतलं आणि दगड कचऱ्याखाली गेला.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, एवढी करमणूक रोज कुठं मिळते, पुढच्या शनिवारी सांगू. पुढच्या शनिवारी जाऊन बघते तर खालच्यांनी दगडाभोवती छोटं कुंपण घातलेलं, वरच्यांनी त्या कुंपणाला रंग दिलेला. जाता-येता दोघंही तिथं मान झुकवत होते, एकमेकांच्या मानासाठी. मास्तरांनी काकांना चक्क नावानं हाक मारली. मग मला ते मोडवेना. खरं तर दगड कुणाचा आहे हे कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला काही कळत नाही अशी कबुलीच, आणि तेवढी जवळीक अजून झाली नव्हती.

पाइप टाकायची वेळ आली. आखणीप्रमाणं तो नेमका दगडाखालून जायचा होता. गवंडी दोघांकडं विचारायला गेला. दोघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं, “वळसा घाला. त्यांना दुखवायचं नाही.” गवंड्यानं वळसा घातला. तो वळसा माझ्या थोरल्या जावेच्या भिंतीला खेटून गेला.

तिला मी ताई म्हणते. मामंजींच्या वेळची तळमजल्यावरची खोली तिच्याकडं आहे. भाऊजींची फुप्फुसं रंगाच्या कारखान्यात गेली. खाटेशी ऑक्सिजनचं मशीन, आणि ताई दीड वर्ष त्या मशीनच्या नळीएवढ्याच अंतरात फिरते. मधल्या जागेत काय निघालं हे तिनं पाहिलंच नव्हतं.

पहिल्याच मोठ्या पावसात वळशावरचा सांधा सुटला. मी डबा घेऊन गेले तर भिंत गुडघ्यापर्यंत काळी पडलेली.

“बघ, भिंतीला घाम फुटलाय,” ताई म्हणाली. “इतकी वर्षं मी एकटीच गाळत होते. सोबत झाली.”

भाऊजी हसायला गेले आणि खोकला सुरू झाला. तो थांबेचना. त्यांच्या पाठीवर हात ठेवून मी बरगड्या मोजत राहिले.

गवंड्यानं दोनदा सांधा भरला, दोनदा सुटला. म्हणाला, “पाणी वळणावर धक्का मारतंय. पाइप सरळ केल्याशिवाय भागायचं नाही, आणि सरळ केला की दगड आडवा येतो.” डॉक्टर आले, भिंतीला हात लावला आणि ताईला दाराशी बोलावून म्हणाले, “या ओलीत यांचे फार दिवस नाहीत. दुसरीकडं हलवा.”

“कुठं हलवू?” ताईनं विचारलं. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. भाऊजींना खाटेवरून मोरीपर्यंत जाताना दोनदा बसावं लागतं.

त्याच दुपारी मी मास्तरांना घेऊन बेकरीत गेले. पिठाच्या पोत्यांवर दोघांना बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. मामंजी, साबण, चादरी.

मग मास्तर म्हणाले, “म्हणजे तो यांचा नाही?”

“आमचा?” काका म्हणाले. “मला तर तुमचा वाटला होता!”

मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. मास्तरांचा चेहरा फळ्यावर गणित चुकल्यासारखा झाला.

“मी प्रार्थनेनंतर उभं राहून सांगितलंय सगळ्यांना,” ते म्हणाले. “शेजाऱ्यांची पवित्र वस्तू आहे, जपा म्हणून. आता सांगू की आपण धुण्याच्या दगडापुढं मान झुकवत होतो?”

“आणि माझी माणसं म्हणतील, वरच्यांनी आपली थट्टा केली,” काका म्हणाले. “कर्ण्याचं भांडण यापेक्षा लहान गोष्टीवरून लागलं होतं. शिवणवाल्या बाई, पंधरा दिवस द्या. समजावून घेतो हळूहळू.”

“भाऊजींच्या छातीला हळूहळू जमत नाही,” मी म्हटलं.

“पण तुम्ही तरी पहिल्या दिवशी का नाही बोललात?” मास्तरांनी विचारलं.

करमणूक म्हणून, हे उत्तर सांगण्याजोगं नव्हतं.

गुरुवारी सकाळी पुन्हा पाऊस लागला. भाऊजींचे ओठ जांभळे पडले होते. आमचे हे गॅरेजमधून पहार घेऊन आले. आम्ही दोघांनी कुंपण उपटलं आणि दगडाखाली पहार घातली.

गल्लीला डोळे असतातच. पाच मिनिटांत माणसं जमली. वरच्या घरातली एक बाई छत्री फेकून पुढं आली. “अहो, काय करताय? त्यांचं पवित्र आहे ते! गल्लीतलेच लोक असे निघाले तर त्यांना काय वाटेल?”

पलीकडून एक म्हातारा काठी आपटत ओरडला, “हात काढा! पाहुण्यासारखं सांभाळलंय आम्ही त्यांचं!”

स्वतःसाठी कुणीच भांडत नव्हतं. दोन्ही बाजू दुसऱ्याच्या वतीनं पेटल्या होत्या, आणि अशा माणसांची समजूत घालणं फार अवघड असतं. कुणीतरी यांच्या हातातली पहार धरली. मी ओरडून सांगत होते, की सासऱ्यांचा आहे, धुण्याचा आहे. “वा, बरं सुचलं आत्ताच!” असं कुणीतरी म्हणालं. मास्तर आणि काका दोघंही येऊन उभे राहिले होते. दोघं एकमेकांकडं बघत होते. पहिलं कुणी बोलायचं, यात दोघंही गप्प.

आरडाओरडा ऐकून ताई दारात आली. दीड वर्षात पहिल्यांदा ती उंबऱ्याबाहेर आलेली मी पाहिली. तिची नजर दगडावर गेली आणि तिथंच थांबली. ती आत गेली. परत आली तेव्हा हातात साबणाची वडी आणि भाऊजींची चादर होती, रात्रीची भिजलेली, वास येणारी. माणसं आपोआप बाजूला झाली. तिनं साबण खळग्यात ठेवला, तो बरोबर बसला. पदर खोचून चादर रेघांवर टाकली आणि आपटायला सुरुवात केली.

फक्त तो आवाज.

काकांनी डोळे मिटले. मग मास्तर चिखलात उतरले आणि यांच्याबरोबर पहारेला लागले. “बाजूला नेऊन ठेवू,” ते कुणाकडंही न बघता म्हणाले. “आमचा नाही हा. कधीच नव्हता.” थोड्या वेळानं काकाही आले. “आमचाही नाही.” पण म्हातारा काठी टेकत निघून गेला, आणि त्याच्यामागं बरेच गेले. वरची बाई जाताना मास्तरांना म्हणाली, “आम्हाला मान झुकवायला लावलीत तुम्ही.” ते पहारेवर वाकलेलेच राहिले.

दगड हलवायच्या आधी ताईला चादर पिळायची होती. मी दुसरं टोक धरायला हात पुढं केला.

“तू इथं दर शनिवारी येत होतीस,” ती म्हणाली.

“हो.”

“ओळखला होतास?”

“त्याच दिवशी.”

पाऊस तिच्या कपाळावरून हनुवटीपर्यंत ओघळत होता. आत भाऊजी खोकत होते, मधे थांबत होते, आणि त्या थांबण्याकडंच आम्हा दोघींचे कान होते. पुन्हा खोकला आला तेव्हा ताईनं श्वास सोडला.

“यांना सांगू नकोस,” ती म्हणाली. “त्यांना वाटतंय, सगळं पाण्यानं केलं.”

तिनं चादर एकटीनंच पिळली, अर्धवट, आणि गळती चादर घेऊन आत गेली. मी फावडं उचललं आणि गवंड्यानं दाखवलेल्या सरळ रेषेत खणायला लागले.